दोरी राहू दे

वाखो, ती दोरी राहू दे.
तुझ्या कॉम्प्युटरवर ती फार दिसते म्हणतोस,
चंद्राच्या टाळूतून निघून वर अंधारात जाणारी,
आणि एका क्लिकने पुसता येईल म्हणतोस.
येईलच. तुम्हा पोरांना काय येत नाही!

पण ती चुर्चखेलाची दोरी आहे,
अक्रोड ओवून द्राक्षाच्या रसात बुडवायची.
त्या हिवाळ्यात कुताइसीत तार मिळत नव्हती,
वीज चार दिवसांतून एकदा यायची,
कॅमेरा ट्रकच्या बॅटरीवर चालायचा,
पगार हा शब्द आम्ही विसरलो होतो,
आणि ओतियाला त्याच रात्री चंद्र हवा होता.
मग पिठाची चाळण घेतली, तिच्यामागे कंदील.
माझ्या आईनं कुरकुरत अक्रोड काढून घेतले
आणि दोरी दिली.

तीस वर्षं मी त्याची फिल्म कापली.
कात्री माझी, शिव्या त्याच्या.
तेव्हा मला विचारशील, तर देव्हाऱ्यात नको बसवू त्याला.
मिठाच्या राजाचा तो सिनेमा वाईट आहे.
चांगला म्हणणारे एक तर झोपले होते
नाहीतर त्याचे नातेवाईक होते.
चाळीस मिनिटं राजा बोलतो.
मी टेबलावर डोकं टेकून झोपले, उठले,
चहा केला,
राजा बोलतच होता.

आणि तो नदीचा?
एका बाईचं लग्न टळावं म्हणून
रिओनी उलटी वाहू लागते,
नवरदेवाची होडी डोंगरात, वऱ्हाड गावात!
अजून अंगावर काटा येतो.
मग कुठून तरी एक बोलणारा बोकड उपटतो
(आत ओतियाचा मेहुणा, त्याला काम हवं होतं)
आणि गाडं रुततं ते रुततंच.
लोक म्हणायचे, ह्याला शेवट करता येत नाही.
नव्हताच येत.
जेवायला बसला तर उठता यायचं नाही त्याला.
मेलेल्यांच्या नावानं प्याला, न जन्मलेल्यांच्या नावानं,
यजमानाच्या कुत्र्याच्या नावानं,
पहाट व्हायची, तो उभाच, हात वर.

एकदा मी रात्रभर बसून बोकड कापला.
लांबण कापली, मेहुणा कापला,
बावन्न मिनिटांचा स्वच्छ, नेटका सिनेमा केला
आणि त्याला दाखवला.
त्यानं शेवटपर्यंत पाहिला. डोळे पुसले.
म्हणाला, सुरेख आहे गं, लामारा,
कुणाचा?

मला अजून वाटतं माझाच बरा होता.

पण पूल आठव.
मध्यरात्री उठतो, अंगावरची धूळ झटकतो,
आणि ज्या खाणीतून त्याचे दगड आले
तिच्याकडे चालू लागतो, दबकत, गाव जागं होऊ नये म्हणून.
बारा सेकंद.
लेंतेखीच्या शाळेत भिंतीवर दाखवला तेव्हा
राजा बोलत असताना सगळे बाहेर सिगारेटी ओढत होते.
पूल उठला, तशी एक म्हातारी
बाकावरून नकळत बाजूला सरकली,
त्याला वाट द्यायला.
त्या बाईकडे बघून मी राजाला माफ केलं.
बोकडाला नाही.

तर बुरशी पूस, चरे पूस.
चौथ्या रिळात माझ्या अंगठ्याचा ठसा आहे
तोही पूस हवा तर.
दोरी राहू दे.

काय? दोरीवर काळा डाग?
कुठे? थांब. मोठं कर.
अजून मोठं.

अरे देवा.

आईनं अक्रोड मोजून ठेवले होते, वाखो.
चोवीसात एक कमी भरला,
आणि ओतियानं खाल्ला असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली.
तोही कधी नाही म्हणाला नाही.
दर सणाला तिच्यासमोर मान खाली घालून
पिशवीभर अक्रोड ठेवून जायचा.